फिरवून बघणारे हिरालाल सर

मी ज्यांच्यामुळे शिकलो आणि पोटापाण्याला लागलो, ते खानदेशातल्या ब्राह्मणपुरीचे हिरालाल सर लग्नाच्या पंगतीत पापड खात नसत, फिरवत. तळताना दोन बाजूंनी वर आणि दोन बाजूंनी खाली वळलेला पापड निवडायचे आणि शेजाऱ्याच्या नाकासमोर धरायचे. "खाऊ नको रे भो, पहिले देख! आठून डोंगर, तठून दरी." शेजाऱ्याचं वरण थंड होऊन जाई.

सर आम्हाला बारावीला गणित शिकवत. घोड्याच्या खोगिरासारखा हा आकार अभ्यासक्रमात नव्हताच, तरी दर वर्षी फळ्यावर यायचा.

"सर, हाऊ परीक्षाले येस का?"

"परीक्षाले तू येस. हाऊ कसाले येई?"

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. सरांनी वडिलांना शेतात गाठलं. "याले पुण्याले धाडा. याले डोकामा आकार फिरावता येस." त्या एका वाक्यावर मी पुण्याला गेलो. आता वेबपानांवर बोटानं फिरवता येतील असे गणिताचे आलेख बनवतो.

निवृत्त झाल्यावर सर फोनवर म्हणाले, "जनमभर मी फळावर खोगीर पुढूनच काढा. गणित सांगस, मागून बी तसाच शे. पण मी देखा नई."

मी खोगीर तयार केलं, नेटशिवाय उघडेल अशा एकाच पानात उतरवलं आणि सरांना पाठवलं. बरेच दिवस उत्तर नाही. शेवटी फोन केला.

"सर, पान उघडत नाही का?"

"उघडस ना."

"मग फिरवलं?"

"नई."

"नुसतं बोट सरकवायचं, सर."

"माहीत शे मले! तू मले शिकाडू नको." मग आवाज उतरला. "एकला काय फिरावू? 'सर, परत दखाडा' म्हननारं कोणी नको का? समोर नुसती भित शे."

मी पानात बदल केला. सोबत हे पत्र पाठवलं:

"आदरणीय सर, साष्टांग नमस्कार.

नवं पान पाठवतो आहे. याला रेंज लागते, म्हणून गच्चीवर बसा. तुम्ही बोट सरकवाल तसा माझ्या पडद्यावरही आकार वळेल. ऑफिसातून आलो की मी रोज इकडे बसेन. भरभर फिरवलंत तर परत दाखवायला सांगेन, रागावू नका.

पहिला तास आजच घ्या. मी हजर आहे."