एतेल्विनाबाईंचे हात

बुधवारी दुपारी एतेल्विनाबाईंनी सहा लिंबं पिळली आणि दार लावून घेतलं. परवा गुड फ्रायडेला मारियामातेच्या पालखीला खांदा द्यायची त्यांची पाळी होती, आणि शेजारच्या क्लेओतिल्देने भर गल्लीत म्हटलं होतं, "हात बघा की तुमचे! काळी पडलेली केळी परवडली!" सत्तरी उलटल्यावर हातांवर डाग येणारच, पण ते बाईंच्या जिव्हारी लागलं.

गुरुवारी हातांना रस चोळून त्या दारासमोर रंगीत भुशाचा गालिचा घालायला बसल्या. पालखीच्या वाटेवर तो घालावाच लागतो. वर ग्वातेमालाचं एप्रिलचं ऊन. रस सुकला की बाई पुन्हा चोळायच्या. लिंबू आणि ऊन मिळून कातडी भाजतात, हे त्यांना सांगणार कोण?

शुक्रवारी दोन्ही हातांवर टम्म फोड आले. पाळी सोडायची? छे! बाईंनी फोडांवर पांढरे हातमोजे चढवले. पालखीला खांदा देऊन चौकात पाळी संपेपर्यंत फोड फुटले, कातडी सोलवटली आणि मोजे मधोमध लाल झाले.

"ख्रिस्ताच्या हातांवरचे, खिळ्यांचे घाव!" क्लेओतिल्दे किंचाळली. "अगं बायांनो, बाईंच्या हातांवर ख्रिस्ताचे घाव उमटले!" आणि ती चक्क गुडघ्यांवर बसली.

खोटं कशाला बोला, क्षणभर बाईंना बरं वाटलं. पण तेवढ्यात गल्लीतली निनेथ आठ वर्षांच्या लेकीला उचलून घेऊन आली. पोर पोट धरून कण्हत होती.

"तीन दिवस झाले, मावशी. आज हॉस्पिटलात नेणार होते. आता कशाला? तुम्हीच हात ठेवा."

बाईंनी हात लावला. पोर तव्यासारखी तापली होती.

"अगं बये, लिंबू आहे ते! डाग घालवायला लावलं होतं मेलं!"

क्लेओतिल्दे हुंदका देत म्हणाली, "केवढी ही नम्रता!"

सगळ्या रडायला लागल्या. पोरीचे डोळे पांढरे होत होते. खरं बोलून भागेना, तेव्हा बाईंनी लाल मोजे वर केले आणि ओरडल्या, "मातेचा हुकूम आहे! पोरीला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात न्या!"

चार बायकांनी पोरीला उचललं आणि पालखीच्या पुढचे सगळे गालिचे तुडवत त्या धावत सुटल्या.

अपेंडिक्स फुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर उशीर झाला असता तर पोर गेली असती. पोर वाचली.

रविवारी पट्ट्या बांधलेले हात घेऊन बाई चर्चमध्ये पाप कबूल करायला गेल्या.

"फादर, मी मारियामातेच्या नावानं खोटं बोलले. मातेनं मला काही म्हणजे काही सांगितलं नव्हतं."

कबुलीच्या जाळीपलीकडून फादरनी विचारलं,

"मग बाई, त्या वेळी तुमच्या तोंडून बोललं कोण?"

गल्लीत कोणाला हार न जाणाऱ्या एतेल्विनाबाईंना रडू काही केल्या आवरेना.