ओठ टेकवलेली गोळी

शुद्धलेखनाच्या चुका आधीच पोटात घाला. शाळा मी लवकर सोडली आणि लाकडाच्या गिरणीत लागलो. तिथे ऱ्हस्व-दीर्घ कोणी विचारत नाही, सगळी बोटं जागेवर आहेत ना एवढंच विचारतात. शब्दही माझे साधेच आहेत.

अमेरिकेत आमच्या माँटॅनात जावयाची किंमत एल्कच्या, म्हणजे सांबरासारख्या थोराड हरणाच्या, शिकारीला ठरते. लग्नाला तीन वर्षं झाली तरी माझे सासरे व्हर्नन मला शिकारीला नेत नव्हते. "एल्डन, तू लाकडं छान फोडतोस," एवढंच म्हणायचे. यंदा मात्र त्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. रायफलचा धक्का वर्ज्य. फ्रीझर रिकामा.

"माझी रायफल घे," ते नाइलाजाने म्हणाले. "काडतुसं मात्र स्वतः भर. आणि गोळीला थोडी उडी ठेव."

"हो, सर." (मी त्यांना अजून सरच म्हणतो. दुसरं काही म्हणायला तोंड उघडलं की खोकला येतो.)

उडी म्हणजे असं. काडतुसं आम्ही घरीच भरतो: पितळी पुंगळीत दारूची भुकटी, तोंडाशी गोळी. काडतुसाच्या तोंडात गोळी किती खोल बसवायची हे आपल्या हातात असतं. खोल बसवली की ती आणि नळीतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) यांच्यात जरा मोकळी जागा राहते, आणि बार उडाला की गोळी तेवढी उडी मारते. मुकाट्याने तेवढं करायचं सोडून मी गिरणीतल्या डूगनला फोन केला. डूगन म्हणजे सल्ल्याची पाणपोई.

"उडी कशाला?" डूगन म्हणाला. "गोळी आट्यांना टेकलीच पाहिजे. नुसता ओठ टेकव, मग बघ नेम!"

"नुसता ओठ टेकवायचा?" मी स्वयंपाकघरात उभा राहून कुजबुजलो. "आणि चिकटूनच राहायचं? बरं. म्हाताऱ्याला नाही सांगत. मार्लाला तर नाहीच."

मागे भांडं आपटलं. मागे मार्ला. म्हणजे माझी बायको.

"कोण आहे ती?"

"कोण?"

"जिला ओठ टेकवणार आहेस ती!"

"अगं, ती... तुझ्या वडिलांची आहे."

"माझ्या वडिलांची?" मार्ला खुर्चीत बसली. "या वयात?"

"रायफल गं, रायफल!"

मार्ला इतकी हसली की तिला उचकी लागली. मग डोळे पुसत म्हणाली, "बाबा नेहमी उडी ठेवतात हं." पण मी तोवर सुधारणेला लागलो होतो. गोळ्या खोल न बसवता काडतुसं चांगली लांब ठेवली.

मोसमाच्या पहिल्या दिवशी सासरे आणि मी पहाटेच निघालो. रायफलचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा दांडा, जरा जोर लावूनच बंद झाला. मला वाटलं, थंडीने कुरकुरत असेल. दुपारपर्यंत बर्फ तुडवला, एक शेपूट दिसली नाही. तरी सासरे खुशीत होते. "चाल बरी आहे तुझी," असंही म्हणाले. (हे मी मार्लाला चारदा सांगितलं.)

ट्रकपाशी परत आलो. गाडीत बसण्याआधी रायफल रिकामी करायची, हा आमच्याकडचा धर्म. मी ऐटीत बोल्ट मागे ओढला. काडतूस बाहेर आलं, पण नुसतीच पुंगळी. गोळी आट्यांना असा काही ओठ टेकवून बसली होती की सुटेचना. आणि दारूची भुकटी? ती बोल्टात, माझ्या बाहीत, बुटात, सगळीकडे.

"सर, गोळी... आतच राहिली."

"उडी किती ठेवली होतीस?"

"नव्हती ठेवली."

"गज आणलायस? ढकलून काढायला?"

"घरी आहे."

तेवढ्यात झाडीतून एल्क बाहेर आला. हाकेच्या अंतरावर. डोक्यावर शिंगं कसली, वठलेलं झाडच! तो थांबला. माझ्याकडे पाहिलं, रायफलकडे पाहिलं, आणि निवांत चरायला लागला.

सासऱ्यांचे खांदे हलायला लागले. माणूस रडतोय! हिवाळ्याचं मटण समोर चरतंय आणि जावई बाहीतली दारू झटकतोय, कोण रडणार नाही?

"सर, माफ करा..."

"गप, गप!" ते खांदा धरून वाकले. "हसवू नकोस रे गाढवा, टाके तुटतील! अरे, त्याला हाक तरी मार. म्हणावं, उद्या ये!"

हसून हसून दोघेही ट्रकला टेकलो. एल्क पोटभर खाऊन गेला.

घरी मार्लाने गज घालून गोळी ठोकून काढली, नळी पुसली, माझी सगळी काडतुसं मोडली आणि नवी भरली. सासरे शेजारी बसून कौतुकाने बघत होते. शेवटी ते म्हणालेच, "एल्डन, उद्या पहाटे तयार राहा."

मी रात्रभर आनंदाने तळमळलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोट घालून दारात उभा राहिलो. ट्रकमध्ये पुढच्या सीटवर मार्ला बसली होती, मांडीवर रायफल.

"तयार आहेस ना?" सासरे खिडकीतून म्हणाले. "मग आम्हा दोघांचे सँडविच आण पटकन. आणि डब्यात मावतील एवढेच लांब कर, पोरा!"

मी सँडविच काडतुसं मोजायच्या कॅलिपरने मोजून कापले. तरी झाकण बसेना.