पत्नी, लेबलासह

लेकीने रविवारी घरातल्या बावीस वस्तूंना लेबले लावली. तेविसावे आईच्या स्वेटरला. त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते, 'तुमची पत्नी'. वडिलांची स्मृती वर्षभर अत्यंत शिस्तीने घटत होती, आणि लेकीचा पद्धतशीरपणावर विश्वास होता. दुपारी वृद्धनिवासाच्या परीक्षक बाई येणार होत्या. वडिलांनी पत्नीला ओळखले, तर दोघे घरीच राहणार. नाहीतर वडिलांसाठी तिथे खोली तयार होती. एकट्या माणसाची.

"मी काय साखरेचा डबा आहे?" आईने लेबल उपटून खुर्चीच्या हातावर चिकटवले.

"आई, आजच्या दिवस राहू दे ना गं."

"बावन्न वर्षं बिनलेबलाचा संसार केलाय मी."

परीक्षक बाई नेमक्या त्याच खुर्चीत बसल्या. गोंद उत्तम प्रतीचा असल्याने, त्यांनी फॉर्म काढायला हात उचलला तेव्हा लेबलही बाहीबरोबर उठले.

"आजोबा, तुमची पत्नी कोण?"

वडिलांनी चष्मा पुसला. एकोणचाळीस वर्षे रसायनांच्या प्रयोगशाळेत काढलेला माणूस लेखी पुरावा डावलत नाही.

"लेबलाप्रमाणे, तुम्ही."

लेकीने डोळे मिटले. बाईंनी फॉर्मवर खूण केली.

"आणि ह्या कोण?"

"ठाऊक नाही. सकाळपासून दोनदा खेकसल्यात माझ्यावर."

"शर्ट उलटा घातल्यावर काय कौतुक करू?" आई म्हणाली.

वडील उठले आणि आईशेजारी जाऊन बसले.

"बाई, राग मानू नका, पण तुमचं लेबल चुकलंय. अशा शेकडो बाटल्या मी परत पाठवल्यात."

"कशावरून चुकलंय?"

"ह्यांच्याजवळ बसलं की माझा हात थरथरायचा थांबतो. सकाळपासून तीनदा करून पाहिलं. तीनदा तेच." त्यांनी आवाज खाली आणला. "ह्यांचं लग्न झालंय का, तेवढं विचाराल?"

"झालंय," आई म्हणाली. "नवरा विसरलाय."

"मूर्ख दिसतो."

"तसा हुशार होता."

फॉर्मवर चौकटी दोनच होत्या, 'ओळखतात' आणि 'ओळखत नाहीत'; ज्या समितीने त्या आखल्या, तिच्यात बहुधा कोणी विवाहित नसावे. बाईंनी बराच वेळ वडिलांच्या स्थिर हाताकडे पाहिले, मग आपली खूण खोडून 'ओळखतात'च्या चौकटीत केली.

उरलेले चोविसावे लेबल आईने मागून घेतले, त्यावर काही लिहिले आणि वडिलांच्या खिशावर दाबून बसवले, 'येथेच ठेवावा'.

वडिलांनी मान वाकवून ते वाचले, आणि कारकिर्दीत प्रथमच एक लेबल तपासणीविना मंजूर केले.