भास्करनानांच्या दोन काड्या

लोक शर्टाच्या खिशाला जिथे पेन लावतात, तिथे भास्करनाना दोन काड्या लावतात. बांबूच्या, वीतभर लांब. एकदा बँकेत घाईघाईत सही करायला त्यांनी त्यातलीच एक काढली, कागदावर दोनदा घासली, आणि उमटेना म्हणून काउंटरवरच्या बाईंवर भडकले, "कागद बोगस आहे तुमचा!"

नाना आमचे शेजारी. जमीन मोजणीच्या नोकरीतून निवृत्त झाले, पण मोजणी काही सुटली नाही. आमच्या कंपाउंडची भिंत चार बोटं पूर्वेला सरकलीय, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. त्यानंतर चहा मागितला.

आमच्या कॉलनीच्या टोकाला मंगलाताईंचं चायनीज आहे. धुळ्यात चायनीजच्या गाड्या रग्गड, पण हे घरच आहे. पुढच्या खोलीत चार टेबलं, मागे स्वयंपाकघर. ताई दोंडाईच्याच्या. नवरा सुरतेच्या हॉटेलात हे सगळं शिकून आला, बायकोला शिकवलं आणि स्वतः ट्रकवर निघून गेला. ताईंच्या मंच्युरियनला लाल रंग नसतो, कोबी तुमच्या डोळ्यांदेखत चिरतात, आणि ऑर्डर घेताना विचारतात, "पोट बरं आहे ना? मग मिरची टाकते." नाना दर गुरुवारी संध्याकाळी तिथे. हक्का नूडल्स आणि सोबत घरून डबीत आणलेला ठेचा.

त्या खोलीत भिंतीवर एक चित्र आहे. एक म्हातारा चिनी गृहस्थ काड्यांनी भात खातोय. दोन वर्षांपूर्वी एका गुरुवारी नाना त्याच्याकडे बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "मंगला, अशा काड्या आहेत का गं?"

ताईंनी कुठूनतरी एक जोडी शोधून आणली, पण वर म्हणाल्या, "राहू द्या नाना. या वयात कुठे जमणार? चमचा घ्या."

झालं! "आते जमाडसूच!" नाना कडाडले. एरवी ते सरकारी मराठी बोलतात, पण हट्टाला पेटले की अहिराणीवर येतात. 'आता जमवणारच' हे एकदा तोंडातून निघालं की माघार नाही. याच वाक्यावर ते साठीनंतर पोहायला शिकले. याच वाक्यावर त्यांनी घरचा नळ दुरुस्त केला आणि आम्हा तीन घरांना दोन दिवस पाणी नव्हतं.

पहिला महिना नूडल्स तोंड सोडून सगळीकडे गेल्या. शर्टावर, मांडीवर, एक तर चष्म्याच्या दांडीला लोंबत घरापर्यंत आली. मग घरी सराव सुरू झाला. या ताटलीतून त्या ताटलीत, आधी शेंगदाणे, मग वाटाणे, मग तुरीची डाळ. त्यांच्या पत्नी, आम्ही सगळे त्यांना माई म्हणतो, भाकरी थापता थापता डाळ निवडायचं कामही त्यांच्याच गळ्यात घालत म्हणायच्या, "मंग डाय बी निवडी द्या त्यानीच!"

आठ महिन्यांनी नाना डाळीचा एकेक दाणा अलगद उचलू लागले. कॉलेजची पोरं टेबलाभोवती उभी राहून टाळ्या वाजवायची. मंगलाताईंनी हात जोडले.

मागच्या वर्षी माईंना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, उजवा हात मात्र लुळाच राहिला. डाव्या हाताने जेवायच्या, थोडं सांडायचं. जळगावला भाचीचा साखरपुडा होता. तिथे पंगतीत कुणी एक बाई आल्या आणि लहान मुलाला बांधतात तसा माईंच्या गळ्याभोवती नॅपकिन बांधला. "असू द्या, सांडतंय ना," असं मोठ्याने म्हणाल्या. मनात वाईट काही नव्हतं त्यांच्या. पण ज्या माईंनी अर्ध्या भावकीच्या लग्नांतलं वांग्याचं भरीत स्वतःच्या हाताने केलं होतं, त्या ताटावरून उठल्या.

तेव्हापासून माई कुणासमोर जेवेनात. स्वयंपाकघराचं दार लावून एकट्या बसायच्या. नानांनाही आत प्रवेश नव्हता. ते बाहेर सोफ्यावर ताट घेऊन बसायचे आणि दाराकडे बघत जेवायचे. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

सात महिने नाना रोज विचारत राहिले, रोज नकार मिळाला. एका गुरुवारी मी त्यांच्या घरी असताना त्यांनी सूर बदलला. "जेवू नको. नुसती बघायला चल. लोक हसतात मला तिथे."

"कोन हसस तुम्हले?" माई ताठ झाल्या. "चाला, दाखाडा माले!"

अंतर थोडंच, पण माईंच्या पायासाठी आम्ही तिघं रिक्षाने गेलो. खोली भरलेली होती. नूडल्स आल्या, सोबत मंच्युरियन आणि फ्राइड राइस, नानांनी काड्या काढल्या, आणि पहिलाच घास थेट शर्टावर. दुसरा टेबलावर. मंच्युरियनचा गोळा काडीतून निसटला तो घरंगळत शेजारच्यांच्या चपलेपाशी. पोरं खो खो हसली. मी बघतच राहिलो. याच माणसाने आदल्या गुरुवारी माझ्यासमोर डाळीचा दाणा उचलला होता!

"अहो नाना, आज हे काय..." मंगलाताईंनी तोंड उघडलं. नानांनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. ताई चटकन आत वळल्या आणि विनाकारण कोबी चिरायला लागल्या.

माई मात्र हसत होत्या. डोळ्यांना पदर लावून, कितीतरी महिन्यांनी. "बठ्ठं सांडी टाकं ना तुम्ही!" असं सगळंच सांडल्याबद्दल नानांना म्हणाल्या, आणि डाव्या हाताने चमचा उचलला. एक घास, दुसरा घास. भाताची शितं टेबलावर पडत होती. पण त्यांच्याकडे बघायला कुणाला वेळ होता? सगळी खोली नानांना बघत होती.

आता दोघं दर गुरुवारी जातात. नाना दर गुरुवारी सांडतात, आणि नवीन गिऱ्हाईक त्यांना सल्ले देतं, ते मान खाली घालून ऐकून घेतात. उठण्याआधी ते टेबल कुणाला पुसू देत नाहीत. कागदाचा तुकडा घेऊन आपल्या पुढच्या नूडल्स आणि माईंच्या पुढची शितं अशी सरकवत आणतात, की मधोमध दोघांचा मिळून एकच ढीग होतो.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या हद्दी आखून दिलेला माणूस. तिथे मात्र कुणाचं किती सांडलं, हे तो कुणाला मोजू देत नाही.