एकटीच पळाली, दुसरी आली

शर्यतीत एकच पोरगी पळाली आणि तिचा दुसरा नंबर आला. हा निकाल मी माझ्या कानांनी ऐकलाय. सकाळी मी दुकानाचं शटर वर करून राह्यलो होतो आणि समोर रस्त्याच्या मधोमध आबा एक हात वर करून उभे होते.

"दुसरा," आबा म्हणले.

त्यांची नात रेवा, वय वर्षं नऊ, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती. तिनं मान हलवून निकाल मान्य केला आणि पाणी प्यायला घरात गेली. मला काही राहवलं न्हाई. म्हणलो, "आबा, मंग पहिला कोण आला?"

"पहिला नंबर रिकामा ठेवलाय. गिरणीपाशी आल्यावर ढिली पडली ती. आजोबा म्हणून बघितलं त पहिलीच हाय. पण पंच म्हणून सांगून राह्यलो शेठ, पहिल्यासारखं पळणं न्हाई झालं."

आबांचं सगळं बोलणं असं दोन खात्यांत चालायचं. सुनेची आमटी सासरा म्हणून फर्मास, पंच म्हणून अळणी. माझ्या दुकानात ऐन गर्दीत येऊन म्हणायचे, "शेजारी म्हणून तुमचं दुकान नंबर एक. पंच म्हणून सांगतो, शिलाई कच्ची हाय." गिऱ्हाईक हातातली चड्डी खाली ठेवून पुढच्या दुकानात जायचं.

माझं मस्तगड भागात शाळेच्या गणवेशाचं दुकान आहे. म्हणजे पोरं शाळेत गेली तर माझी चूल पेटते. आणि बरोबर माझ्यासमोरच्या घरात अशी पोरगी राहायला आली, जी शाळेतच जात न्हाई. आता याला नशीब म्हणायचं का काय म्हणायचं?

आबा मूळचे धावड्याचे. बायको वारल्यावर मुलानं त्यांना गावाकडून आणलं. मुलगा आणि सून दोघंही पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करतात, एक या खोलीत, एक त्या खोलीत, दोघांच्या कानाला यंत्रं. शाळेत पोरं घोकतात, त्यांचा मेंदू गंजतो, असं दोघांचं मत पडलं आणि त्यांनी रेवाला घरीच शिकवायचं ठरवलं. गल्लीला आधी वाटलं पोरीला काही दुखणं आहे. मंग वाटलं, फीचा खर्चा झेपत न्हाई. शेवटी गल्लीनं ठरवलं की जास्त शिकलं की असं होतं, आणि विषय मिटवला.

सुनेनं वेळापत्रक केलं. भाषा तिच्याकडं, गणित-विज्ञान नवऱ्याकडं. व्यायाम आणि खेळ उरला, तो आबांकडं. "आबा, तिला तासभर खेळवत जा, बस," एवढंच ती म्हणली. तिला वाटलं असंल, म्हातारा ओट्यावर बसंल, पोरगी सायकल फिरवंल. आबांनी तो सरकारी हुकूम समजला. दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकानात हजर.

"पीटीचा ड्रेस द्या."

"कोणत्या शाळेचा?"

"घरचा."

मी म्हणलो, "आबा, शाळेत पोरांची चार हाउसं असतात. लाल, निळं, हिरवं, पिवळं. ज्याच्या त्याच्या रंगाचा टी-शर्ट. तुमचं हाउस कोणतं?"

आबांनी विचार केला. "चारी द्या."

मंग सुरू झालं. सोमवारी लाल हाउसकडून रेवा पळायची, मंगळवारी निळ्याकडून, बुधवारी हिरव्याकडून, गुरुवारी पिवळ्याकडून. शनिवारी निकाल. हिरवं हाउस मागं पडलं की आबा हिरव्या टी-शर्टातल्या रेवाला झापायचे, "काल निळ्याची पोरगी पाह्यली न, कशी पळाली? शिक काही तिच्याकडून." आणि रेवा, जी काल स्वतःच निळ्यात होती, मान खाली घालून ऐकून घ्यायची.

रस्त्यावर पांढऱ्या फक्कीनं पट्टे आखले जायचे, स्कूटरवाले शिव्या देत त्यावरून जायचे. गोळाफेक वरवंट्यानं व्हायची. शेजारच्यांची तुळशीची कुंडी त्यात गेली, तेव्हा आबांनी माफी मागितली आणि लगेच अंतरही मोजलं. कबड्डीत समोरचा अख्खा संघ म्हणजे एकटे आबा, धोतर खोचून, वाकून उभे. रेवा चढाईला आली की पाय धरायचे आणि तिचा दम संपेपर्यंत सोडायचे न्हाईत. वरून सून ओरडायची, "आबा, लेकरू आहे ते, सोडा न."

"पकड झाली हाय," आबा खालून सांगायचे.

एकदा मी म्हणलो, "आबा, एखाद दिवशी जिंकू द्या की तिला. तुमचं काय जातं?"

तर एकदम गंभीर झाले. "शेठ, घरात तिला सगळे शाब्बास म्हणत्यात. चुकली तरी शाब्बास, सांडलं तरी शाब्बास. घरी हरवायला कोण हाय तिला? उद्या बाहेर गेली आन पहिल्यांदा हरली, त तिथंच बसंल. म्हणून ते काम मी घेतलं. वाईट काम हाय, पण कोणीतरी करावं लागतं."

गल्ली या माणसाला हसायची. हसू द्या. पण हसणारे कोण होते ते सांगतो, कारण त्यांच्या पोरांचे कपडे मीच विकतो. त्यांच्या पोरांच्या एका शाळेच्या मैदानावर पत्र्याचे वर्ग उभे आहेत. एकीच्या मैदानावर बस लागतात. एकीला मैदान कधी नव्हतंच. पण पीटीचा पांढरा ड्रेस सगळीकडं सक्तीचा, न्हाई घातला तर पोराला वर्गाबाहेर उभं करतात. पीटीच्या तासाला गणित घेतात, पांढऱ्या ड्रेसवर. शाळा सुटली की पोरं स्कूटरवर बसून क्लासला, क्लास सुटला की स्कूटरवर बसून घरी, घरी आली की मोबाइल. दरसाल मला कंबरेचं माप वाढवून शिवावं लागतं, लांबी तिथंच. आणि याच पोरांच्या आया माझ्या दुकानात उभं राहून विचारायच्या, "त्या समोरच्या पोरीचं कसं होणार हो?" मी बिल फाडायचो.

एका शनिवारी निकाल लागला. लाल हाउस जिंकलं. रेवानं टाळ्या वाजवल्या, मंग थांबली आणि म्हणाली, "आबा, लाल हाउसमध्ये माझ्याशिवाय अजून कोण कोण आहे?"

याचा निकाल आबांना देता आला न्हाई. पंच म्हणूनही न्हाई, आजोबा म्हणूनही न्हाई. ती घरात गेल्यावर माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. "लेकरू एकटं पडून राह्यलं, शेठ," ते म्हणले. "मी म्हातारा माणूस. मी काय तिच्या बरोबरीचा हाय का? तिला तिच्या वयाचं कोणी पाह्यजे."

दुसऱ्या दिवसापासून हा माणूस दारोदार फिरला. गल्लीतलं एक घर सोडलं न्हाई. रविवारी सकाळी शर्यती ठेवल्यात, तासभर पाठवा पोरांना, एवढंच मागणं. सगळीकडं चहा मिळाला, सगळे म्हणले, "हो आबा, पाठवतो न." मीपण दुकानातले पडून असलेले टी-शर्ट काढून दिले.

रविवारी आबांनी आठ पट्टे आखले. रेवा वेणी घालून, बूट बांधून, कोणाचीही वाट न बघता आपल्या पट्ट्यावर जाऊन उभी राह्यली. बाकी सात पट्टे मोकळे. आठ वाजले, नऊ वाजले. एकाची टेस्ट होती, एकाचा स्कॉलरशिपचा जादा क्लास, एकजण मामाकडं गेल्ता. एकीची आई गॅलरीतूनच म्हणली, उन्हानं काळी पडते ती. उरलेल्यांनी तेवढंही सांगितलं न्हाई, दारं लावून घेतली.

शेवटी रेवा म्हणाली, "आबा, मीच पळते सगळ्यांचं."

"न्हाई," आबा म्हणले. "घरी चल." त्यांनी टी-शर्टांची चळत माझ्याकडं आणून दिली. एकही घडी मोडलेली नव्हती. आठ दिवस मला गल्लीतल्या कोणाशी बोलावंसं वाटलं न्हाई. दुकानदार आहे म्हणून बोललो.

मंग समोरच्या घरात भांडण पेटलं. आबांनी हट्ट धरला, पोरीला शाळेत घाला. मुलगा म्हणला, "आबा, शाळेत काय शिकवतात तुम्हाला माहीत न्हाई." आबांचा आवाज रस्त्यावर ऐकू आला, "पुस्तकं तू घरी शिकवशील रे. पोरी कुठून आणशील घरी?" जूनमध्ये रेवाचं नाव घातलं.

आबा स्वतः अख्खा सेट घ्यायला आले. शाळेचं नाव ऐकून मी म्हणलो, "आबा, मैदान पाह्यलं का तिथलं? बस उभ्या असतात तिथं."

"वर्गात चाळीस लेकरं हायेत, शेठ. लेकरं असली की मैदान आपोआप होतं." इतके खूश होते की मी पुढं बोललो न्हाई. बोलून तरी काय, फी भरून झाली होती.

त्यानंतर रोज संध्याकाळी आबा दुकानात रेवानं सांगितलेली बातमी घेऊन यायचे. आज मधल्या सुट्टीत खो-खो झाला. अनुष्का म्हणून एक पोरगी आहे, लई चपळ, हाताला लागत न्हाई. आज लंगडी, आपला संघ हरला. आज परत अनुष्का, पण रेवानं शेवटी खांबापाशी गाठलीच तिला. आबा दुकानात जागा करून दाखवायचे, कशी वळली, कशी गाठली. मला माहीत होतं तिथं खांब रोवायला वीतभर माती न्हाई. मी आपला "वा, वा" म्हणत कपड्यांच्या घड्या घालायचो.

महिना गेला असंल. एक दिवस आबा आले आणि नुसतेच बसले.

"गेल्तो आज," ते म्हणले. "मधल्या सुट्टीत, गेटापाशी. लेकरं व्हरांड्यात बसून डबे खाऊन राह्यली होती. एक पोरगं पळालं, त शिपायानं धरून बसवलं त्याला. आपली रेवा भिंतीला टेकून बसली होती, हाताची घडी घालून. डबा झाला, घंटा झाली, गेली आत."

"आणि अनुष्का?"

"अनुष्का नावाची पोरगीच न्हाई त्या वर्गात. विचारलं मी शिपायाला."

मी म्हणलो, "मंग, बोललात का रेवाला?"

"काय बोलू?" आबांनी उपरणं तोंडावरून फिरवलं. "मी तिच्याएवढा होतो तेव्हा मेंढरामागं होतो. शाळा न्हाई, काही न्हाई. माळावर दिवसभर एकटा. पळणारा मी, पकडणारा मी, भांडणाराबी मी. सांजच्याला आई विचारायची, आज कोण भेटलं रे? मी तिला नावं सांगायचो. सोन्या भेटला, गंगाराम भेटला. कोणी भेटलेलं नसायचं, पण आईला बरं वाटायचं. तेच करून राह्यली ही. कोणी शिकवलं न्हाई तिला. मीच दप्तर देऊन तिथं नेऊन बसवलं. घरी निदान पळत त होती." आणि माझ्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, आबा रडले. मला त्यांचा इतका राग आला आणि त्यांच्याहून जास्त या गावाचा आला, की समोर आलेल्या बाईला मी पांढऱ्या ड्रेसचा भाव सांगितलाच न्हाई. आज मिळणार न्हाई म्हणलो.

आबा जायला उठले, परत बसले. "अजून एक, शेठ. मीबी कुठं खरं बोलतो? ती रोज विचारती, आबा, मी शाळेत गेल्यावर तुम्ही काय करता. म्या सांगितलं, समोरच्या शेठसंगं खेळतो. तिनं विचारलं त तेवढं सांभाळून घ्या."

त्याच आठवड्यात रविवारी रेवा टाय बदलून घ्यायला आली. टाय दिला, तरी जाईना. मंग म्हणाली, "काका, दुपारी आबा तुमच्यासोबत खेळतात ना?"

"हो तर. रोज."

"काय खेळता?"

हे आमचं ठरलेलं नव्हतं. मी म्हणलो, "कॅरम."

"आबा तर लंगडी म्हणाले."

माझं वजन आणि आबांचे गुडघे, भर दुपारी मस्तगडच्या रस्त्यावर लंगडी. मी म्हणलो, "दोन्ही खेळतो आम्ही. वेळ असंल तसं."

ती हसली न्हाई. टायची पिशवी दोन्ही हातांनी धरून उभी राह्यली. "काका," ती हळू आवाजात म्हणाली, "खरंच खेळत जा ना त्यांच्यासोबत. आई-पप्पा काम करतात, मी शाळेत असते. त्यांना कोणीच नाहीये."

एवढं बोलून ती रस्ता ओलांडून घरात गेली. समोर ओट्यावर आबा बसले होते. त्यांनी ती आत जाईपर्यंत वाट बघितली आणि मंग मला हातानं खूण करून विचारलं, बराबर सांगितलं न?

मी मान डोलावली.