वाघमारे सरांचे पेले

वाघमारे सर कुणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी पेला वाचत. हो, वाचत. स्टीलच्या पेल्यावर काठाखाली जे नाव घातलेलं असतं ते, चष्मा कपाळावर चढवून, वर्गात ताम्रपट वाचावा तशा खणखणीत आवाजात. "चि. सौ. कां. सुमन हिच्या लग्नात मावशीकडून. वा! आहेत का मावशी अजून?" मग अर्धा तास त्या मावशींवर जाई आणि घरातली बाई खूश.

सर उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात इतिहास शिकवत आणि सर्वधर्म प्रार्थना मंडळ चालवत. ऐंशीच्या दशकात मी तिथे रसायनशास्त्र शिकवायला लागलो आणि प्राचार्यांनी मला मंडळाचा सहायक करून टाकलं. मला वाटलं, भजन-बिजन असेल. सरांचा नियम वेगळाच. महिन्यातून एकदा मंडळातल्या कुणाच्या तरी, पोरांच्या नाहीतर मोठ्यांच्या, घरी जमायचं आणि त्या घरची प्रार्थना सगळ्यांनी ऐकायची. पण त्याआधी त्या घरचं पाणी प्यायचं. "आधी पाणी, मग प्रार्थना," सर म्हणत. "एकमेकांच्या घरचं पाणी घशाखाली उतरत नाही आणि निघाले विश्वबंधुत्वाला!"

असे आम्ही कॅम्पातल्या सिंधी घरात, आमच्या विद्यार्थ्याकडे, जेठानंदकडे बसलो, अंबरनाथला एका ख्रिस्ती नर्सबाईंकडे गेलो, बारवीकडच्या ठाकरवाडीत मंडळातल्या एका पोरीच्या घरीही गेलो. तिथे पेल्यावर नावच नव्हतं. सर पेला फिरवून फिरवून बघू लागले, तशी म्हातारी म्हणाली, "वाचतोस काय रं? पी. भांडा माजाच हाय." सर एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

बदलापूरला, बेलवलीत, माझ्याकडेही आले. सर बौद्ध, हे आईला ठाऊक होतं. तिनं आधी खिडकीतला कानतुटका कप उचलला, मग माझ्याकडे बघून ठेवला आणि पेला दिला. सरांनी ते पाहिलं असावं. त्यांनी पेला नेहमीपेक्षा हळू वाचला आणि सगळं पाणी ते प्यायले.

सर स्वतः बुवापाड्यात राहत, एकटेच. त्यांची बायको लवकर वारली होती. त्यांच्या घराची पाळी यादीत शेवटी, मार्चात. आणि मार्चात परीक्षा! कुणाचं जर्नल अपुरं, कुणाची आई आजारी, मला प्रॅक्टिकल्स. "हरकत नाही, पुढच्या वर्षी," सर म्हणत. असं नऊ-दहा वर्षं चाललं आणि आमच्यापैकी एकालाही त्यात काही खटकलं नाही. आज हे लिहिताना बरं वाटत नाही.

मधे एकदा ते मला भांड्यांच्या दुकानात दिसले होते. नाव घालायचं यंत्र घर्रघर्र चाललेलं. सर गेल्यावर दुकानदार म्हणाला, "साईं, आपके सर का तो हर साल का काम है." मी स्टाफरूममध्ये सांगून टाकलं, आपले सर फार लग्नं गाठतात. सगळे हसले.

नव्वद साल उलटून गेल्यावर कधीतरी सरांचा पाय मोडला. मंडळाच्या कागदांवर सही हवी होती म्हणून पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो. पाय प्लास्टरमध्ये. "कुठे करू सही?" एवढंच विचारलं. पाण्याचं नाव नाही. घरोघर पाणी मागणारा हा माणूस स्वतःच्या घरी पाणी विचारायचं सोडून बसला होता.

मी म्हटलं, "सर, आधी पाणी."

 सर कुबडी घेऊन उठले. माठावर पेला होता, तो त्यांनी घेतला नाही. वरच्या फळीवर पेल्यांची लांब रांग होती. तिच्यावरून बोट फिरवत त्यांनी एक काढला, दोनदा विसळला, भरला.

मी तोंडाला लावणार, तोच म्हणाले, "अहं. वाचा आधी."

काठाखाली माझं नाव होतं. पुढे साल, मी नोकरीला लागलो ते. फळीवर जेठानंद होता, नर्सबाई होत्या, ठाकरवाडीची पोर होती. दरवर्षीची सगळी पोरं होती. एकाही पेल्याला ओठ लागलेला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मोठ्यानं वाचा की," सर म्हणाले.

मी मोठ्यानं वाचलं, पाणी प्यायलो आणि पेला पुन्हा पुढे केला.