तेल पातळ केल्याचा गुन्हा

पारनेर तालुक्यातल्या एका कारखान्यात घट्ट खनिज तेल पातळ होऊन बाहेर पडते, अशी लेखी तक्रार आल्यावर भेसळ निरीक्षक वैजनाथराव पंचांसह दाखल झाले. तक्रारदार आबासाहेब गावच्या दूधसंस्थेचे चेअरमन. पातळपणाच्या बाबतीत तालुक्यात त्यांचाच शब्द अखेरचा.

"घट्ट आत जातं, पातळ भायेर येतं. मधी काय व्हतं, ते आमाला शिकवू नका, म्याडम!"

कारखान्याच्या व्यवस्थापक पंकजा शांतपणे म्हणाल्या, "आबा, काही घालत नाही. डांबरासारखं तेल नळीतून वाहतं ठेवून बेतानं तापवतो. त्यातले मोठे कण फुटतात, तेल पातळ होतं. एका जागी तापत राहिलं, तर मात्र नळीतच कोळसा."

"ते व्हय. पण पाणी कवा घालता?"

वैजनाथरावांनी दुधातले पाणी पकडायचा लॅक्टोमीटर तेलात सोडला. तो तळाला गेला.

"पाण्यातसुद्धा हा इतका बुडत नाही," ते गंभीर झाले. "म्हणजे पाण्यातही भेसळ आहे. नमुना तपासणीला पाठवतो. अहवाल येईपर्यंत सगळं जैसे थे."

"मग भट्टी विझवते."

"पंचनाम्यात तापमान नोंदलंय. पुरावा थंड करता येणार नाही."

"निदान पंप चालू राहू द्या."

"म्हणजे पुरावा वाहून जाऊ द्यायचा?"

"साहेब, नळ्या गेल्या तर कारखाना गेला!"

"तशी नोंद घेतो," वैजनाथराव म्हणाले, आणि खरोखरच घेतली. पंपाला लाखेचे सील लागले. भट्टी विझू नये म्हणून पोलीसपाटील राखणीला बसला.

अहवाल आला : 'नमुना दूध नाही.' सील तोडले, तर नळीतून थेंब येईना. घणाने ठोकल्यावर काळाकुट्ट, टणक गोळा पडला. आबासाहेबांनी तो नखाने खरवडला आणि त्यांना भरून आले.

"ह्याला म्हंत्यात चोख माल! आता कसं लायनीवर आलात!"

वैजनाथरावांनी प्रमाणपत्र लिहिले : 'घट्टपणा समाधानकारक. उत्पादन पूर्ववत सुरू करण्यास हरकत नाही.' तक्रारदाराची सही तेवढी राहिली.

तेवढ्यात दूधसंस्थेतून चहा आला. पंकजांच्या कपाच्या तळाशी छापलेले गुलाबाचे फूल चहातून पाकळी न पाकळी दिसत होते. आबासाहेबांनी पेन उघडले, पण टेकवले नाही.

"कसा झालाय च्या, म्याडम?"

पंकजांनी एकदा चोंदलेल्या नळ्यांकडे पाहिले, एकदा फुलाकडे.

"दाट," त्या म्हणाल्या.

सही झाली. वाचकांनी हसण्याआधी आज सकाळचा आपला कप आठवावा, आणि विचारणाऱ्याला आपण काय सांगितले, तेही.